बाबांच्या अंगावरची पांढरी धूळ

शेजारी जुन्या छपराचा सिमेंटचा पत्रा कापत होते, त्या धुळीचा कोरडा वास घरात आला आणि खिडकी लावता लावता बाबांनी आणि मी आईला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं ती दुपार मला आठवली. बाबा हिंगण्याला असेच पत्रे बनवणाऱ्या कारखान्यात होते. ते निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी आईला धाप लागू लागली, छातीत पाणी झालं. रिपोर्ट पाहून डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, "तुम्ही कधी ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम केलंय?" "मी कुठची कामाले जाते? मी त घरीच राहिली," आई म्हणाली. "मग घरातलं कुणी?" बाबांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "यांचे कपडे कोण धुवायचं?" "मीच. अंगणात चांगले झटकून धुवत होती. लय पांढरी धूळ राहे त्याच्यात." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात सांगितलं की त्या धुळीतले बारीक तंतू श्वासातून आत जाऊन बसतात, आजार मात्र कित्येक वर्षांनी वर येतो. बाबा तिथेच रडायला लागले. आईनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "काहून रडता? तुमाले तरी कोणी सांगितलं होतं?" आई पुढे उन्हाळ्यापर्यंत होती. तेवढे महिने तिच्या साड्या बाबांनीच धुतल्या, मला हात लावू दिला नाही. आता बाबांना साधा खोकला आला तरी आम्ही दोघं बोलता बोलता थांबतो.