आमच्या घरातला परागचा फ्रिज

आमच्या स्वयंपाकघरात कितीतरी महिने दुसऱ्याच्या मालकीचा फ्रिज उभा होता आणि त्यात आमचं दही ठेवायला आम्हाला त्याची परवानगी घ्यावी लागे. फ्रिज मूळचा आमचाच. तो मी विकला होता. आणि साधासुधा नाही, इंटरनेटवर विकला होता.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बंगळुरात ज्याला त्याला कॉम्प्युटरने झपाटलं होतं. राजाजीनगरात आमच्या कोपऱ्यावर जिथे पिठाची गिरणी होती तिथे सायबर कॅफे निघाला होता. (पिठासाठी आता दोन रस्ते पलीकडे जावं लागे, पण त्याबद्दल कुणी बोलत नसे. प्रगती होत होती.) त्याच सुमारास आम्ही हप्त्यांवर नवा, दोन दारांचा फ्रिज घेतला. जुना फिकट हिरवा फ्रिज तसाच उभा. स्वयंपाकघर एवढंसं. दोघे शेजारी उभे केले की नव्याचं दार अर्धंच उघडे आणि सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, कोथिंबीर काढायची तर आडवं होऊन हात घालावा लागे.

"भंगारवाल्याला देऊन टाका," ती म्हणाली.

"चालता फ्रिज भंगारात? मी इंटरनेटवर विकतो."

"तिथे कोण घेणार?"

"सगळं जग," मी म्हणालो.

सगळ्या जगासाठी मी जाहिरात लिहिली. कॅफेत ती टाइप करायला मला इतका वेळ लागला की मागे रांगेतला एक मुलगा उभ्याउभ्या डुलक्या घेऊ लागला. आता उत्तरं पाहायची तर रोज पुन्हा तिथेच जायचं आणि पैसे भरून पान उघडण्याची वाट बघायची. पहिलं उत्तर कानपूरहून आलं. फ्रिज पसंत आहे, कधी पोहोचवता? दुसऱ्या एकाने बदल्यात सशांची जोडी देऊ केली. तिसरा गृहस्थ खरोखर घरी आला. त्याने फ्रिजमध्ये मानेपर्यंत डोकं घातलं, बराच वेळ तसाच राहिला, बाहेर येऊन "मेथीचा वास येतो" म्हणाला, कॉफी प्यायला आणि गेला. नंतरचे काहीजण तर फक्त कॉफीच प्यायले. फ्रिज तिथेच. सुमन रोज आडवी होऊन कोथिंबीर काढत होती आणि माझ्याकडे बघत होती. त्या नजरेपुढे मला माझं शिक्षण, नोकरी, सगळंच फोल वाटू लागलं होतं.

अशा वेळी पराग आला. नागपूरचा, चोविशी-पंचविशीचा, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत लागलेला. आमच्या मागच्याच रस्त्यावर खोली घेऊन राहत होता. दार उघडून मी आत वळून "सुमन, स्वल्प कॉफी टाक" म्हणालो आणि त्याचा चेहराच उजळला.

"काका, तुम्ही मराठी? बंगळुरात?"

आमचं घराणं कुठल्याशा फौजेबरोबर शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलं ते इथलंच झालं. मराठी घरापुरती उरली, तीही कन्नडच्या फोडणीची. माझ्या आईला आम्ही अम्माच म्हणतो. ती आतून येऊन परागला न्याहाळू लागली.

"कुणाचा रे तू? जेवलास काय?"

"नाही आजी, खोलीवर जाऊन जेवीन. मी फ्रिज पाहून राहिलो."

"कुठं राहिलास?"

"नाही, म्हणजे पाहून राहिलो."

"पाहून राहा की. कोण नको म्हणतंय," अम्मा म्हणाली आणि त्याच्यासाठी पाट मांडायला गेली.

नागपूरकडे "पाहतो आहे" याला "पाहून राहिलो" म्हणतात हे मला ठाऊक होतं, अम्माला नव्हतं. त्या एका शब्दावर पुढचं सारं संकट उभं राहील असं तेव्हा मला वाटलं नाही.

परागने घासाघीस केली नाही. सांगितली तेवढी किंमत दिली. मी सुमनकडे असं काही पाहिलं की जणू किल्ला सर केला आहे. तेवढ्यात तो म्हणाला, "काका, फक्त दोन दिवस इथेच राहू द्या. माझा घरमालक खोलीत फ्रिज लावू देत नाही, करंटचं बिल येतं म्हणे. मी दुसरी खोली पाहूनच राहिलो."

"राहू दे की," अम्मा म्हणाली. "सरी." म्हणजे कन्नडमध्ये ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दुधाची पिशवी घेऊन आला. "काका, ही माझ्या फ्रिजमध्ये ठेवू?" यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? मग पाव आला, लोणी आलं. मग त्याच्या आईने नागपूरहून संत्र्यांची अख्खी पेटी पाठवली आणि ती मावावी म्हणून मधला कप्पा निघून आमच्या माळ्यावर गेला. सकाळी सहाला त्याची कंपनीची बस यायची, म्हणून तो साडेपाचला दूध न्यायला येई. दार कोण उघडणार? मी. दार उघडलंच आहे तर कॉफी कोण करणार? अम्मा. नुसत्या कॉफीवर मुलाला कसं पाठवायचं? मग उप्पीट झालं. महिन्याभरात उप्पिटाचा डबा झाला.

"व्यंकू," अम्मा मला सांगायची, "त्याच्या डब्याला झाकण घट्ट बसत नाही बघ. एक नवा आण."

आणला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. पण ऐन एप्रिलमध्ये आमचा नवा फ्रिज बंद पडला. दुरुस्तीवाला आला, मागचं झाकण काढून खिन्न झाला आणि "पार्ट चेन्नईहून यावा लागेल" म्हणून गेला. तो पार्ट चेन्नईहून निघाला की नाही हे मला आजही माहीत नाही. दोन दारांचा फ्रिज मसाल्याचं कपाट झाला. आणि आमच्या घरात चालता फ्रिज उरला तो एकच. परागचा.

पहिल्या संध्याकाळी सुमनने दह्याचं भांडं हातात धरून मला पुढे केलं. "विचारा."

"मी विचारू? माझ्या घरात?"

"फ्रिज त्याचा आहे ना. तुम्हीच विकला."

पराग आला तेव्हा मी घसा साफ करून विषय काढला. तो मोठ्या मनाने म्हणाला, "ठेवा की काका. आपलाच समजा. खालचा कप्पा तेवढा मला लागतो." जरा विचार करून पुढे म्हणाला, "आणि दार जास्त वेळ उघडं नका ठेवू. जुना फ्रिज आहे, त्रास होतो त्याला."

तो फ्रिज मी दहा वर्षं वापरला होता. त्याला कशाने त्रास होतो हे मला हा मुलगा शिकवत होता आणि मी मान डोलावत होतो. अम्माने तर ते वाक्य पाठच केलं. मी पाणी घ्यायला दार उघडलं की मागून आवाज येई, "व्यंकू, दार. पराग काय म्हणाला?"

एका रविवारी त्याचे तीन मित्र आले. परागने त्यांना थेट स्वयंपाकघरात आणलं. "हा माझा फ्रिज." तिघांनी फ्रिज पाहिला, मग ओट्यापाशी उभी सुमन पाहिली, मग लुंगीतला मी. फ्रिजबरोबर आम्ही कसे काय मिळालो, अशा नजरेने. एकाने अदबीने विचारलं, "काका, थंड पाणी आहे का?" मी परागकडे पाहिलं. त्याने मान हलवली. मग मी दिलं.

दुसऱ्या दिवशी सुमन म्हणाली, "माझ्या बहिणीचा साखरपुडा आपल्याकडे आहे. तोवर हे निस्तरा. पाहुण्यांसमोर मला परक्या मुलाला विचारून श्रीखंड ठेवायचं नाही."

मी हो म्हणालो आणि काहीच केलं नाही. परागला काय सांगणार? पोरगा वाईट असता तर सोपं होतं. तो अम्माचे पाय चेपायचा, तिच्या डोळ्यांत थेंब घालायचा, मला ईमेलवर हिरवी अक्षरं कशी काढायची ते शिकवायचा. त्याला उद्देशून रागाची वाक्यं मी आंघोळ करताना तयार करायचो आणि टॉवेलने पुसून बाहेर यायचो.

साखरपुड्याचा दिवस आला. श्रीखंडाची दोन पातेली, हार, गजरे, सगळं परागच्या फ्रिजमध्ये. (विचारून. अम्माने विचारलं, माझी हिंमत झाली नाही.) मुलाकडचे येण्याआधी तासभर दारात एक टेम्पो थांबला. त्यातून पांढऱ्या शर्टातले एक भारदस्त गृहस्थ उतरले. नाव नागराजप्पा. पार शहराच्या दुसऱ्या टोकाच्या महादेवपुऱ्याहून आले होते. तिथे ज्यूसचं दुकान काढत होते.

"फ्रिज न्यायला आलोय," ते कन्नडमध्ये म्हणाले. "इंटरनेटवर घेतला. पैसे परागला पोहोचले आहेत."

माझ्यामागून अम्मा शांतपणे म्हणाली, "हो, मला सांगितलं होतं त्याने परवा. आजी, फ्रिज विकून राहिलो, म्हणाला."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"यात काय सांगायचं? विकून राहतो म्हणाला. फ्रिज गेला तरी पोरगं राहतंय, मग मी सरी म्हटलं."

परागच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या बाईंनी मला थांबायला सांगून पेटीची धून ऐकवली. धून संपली, पुन्हा सुरू झाली. इकडे टेम्पोवाला दोर सोडून आत आला होता. मी नागराजप्पांपुढे हात जोडले. श्रीखंड आहे, साखरपुडा आहे, सगळं सांगितलं. माणूस सज्जन होता. "कार्यक्रम होऊ दे. मी बसतो," म्हणाले आणि खुर्चीवर बसले. सगळ्यांत चांगल्या खुर्चीवर.

मुलाकडचे आले. एवढा भारदस्त माणूस मधोमध बसलेला पाहून त्यांना वाटलं, मुलीचे थोरले काका. त्यांनी वाकून नमस्कार केला. माझ्या सासरच्या मंडळींना तो नमस्कार दिसला आणि त्यांना वाटलं, हे मुलाकडचे कुणी मोठे असणार. त्यांनी पहिला नारळ, शाल आणि अत्तर नागराजप्पांना दिलं. नागराजप्पा आधी गोंधळले, मग भारावले. वधूवरांना त्यांनी कन्नडमध्ये इतका मनापासून आशीर्वाद दिला की मुलाच्या आईचे डोळे भरून आले. "तुमच्याकडची वडीलधारी माणसं किती प्रेमळ," त्या मला म्हणाल्या. मी श्रीखंड वाढायला निघून गेलो.

जेवणं झाल्यावर नागराजप्पांनी मला बाजूला घेतलं. "मानाची शाल पांघरून तुमच्या घरातून फ्रिज उचलून नेणं मला जमायचं नाही. मी दिलेले पैसे परत द्या, फ्रिज तुम्हालाच राहू दे." त्यांनी दिलेली किंमत मी मिळवलेल्या किमतीपेक्षा बरीच जास्त होती. परागने जाहिरात माझ्यापेक्षा चांगली लिहिली होती, दुसरं काय. मी सुमनकडे पाहिलं. ती आतून आधीच पैसे घेऊन आली होती.

पराग संध्याकाळी आहेराचं पाकीट घेऊन आला. फ्रिज जागेवर बघून त्याचा चेहरा पडला. "काका, नेला नाही? मला खोली मिळाली म्हणून विकला. तुम्हाला केव्हाची अडचण होऊन राहिली होती, तुम्ही बोलत नव्हते, पण दिसायचं ना चेहऱ्यावर. म्हटलं आजच्या दिवशी तरी काकूंना जागा मोकळी मिळावी." जाहिरातीत मिळालेला नफा तो मला द्यायला लागला. अम्मा कोपऱ्यात डोळे टिपत होती, पोरगं जाणार म्हणून. अशा वेळी तुम्ही काय करता? मी नफा घेतला नाही. वर त्याला नव्या खोलीसाठी एक पातेलं श्रीखंड दिलं.

राहिला टेम्पोवाला. तो श्रीखंड-पुरी खाऊन पायरीवर बसला होता. त्याने पूर्ण भाडं मागितलं, महादेवपुऱ्यापर्यंत जायचं आणि यायचं.

"अरे, पण फ्रिज हललाच नाही," मी म्हणालो.

"सार, मी तर आलो ना. फ्रिज आला नाही यात माझी काय चूक?"

मी भाडं दिलं.

महिन्याच्या शेवटी घरखर्च मांडायला बसलो. माझाच फ्रिज माझ्याच स्वयंपाकघरातून माझ्याच स्वयंपाकघरात आणल्याचं भाडं कशाखाली लिहावं, काही केल्या कळेना. शेवटी सुमनला विचारलं.

तिने मटार सोलता सोलता वर न बघता सांगितलं, "शिक्षण लिहा."