आवाजाची कणगी

मोठा आवाज आणि खोल आवाज यांत फरक काय, हे तुम्हाला सांगता येईल का? घाईने मान हलवू नका. मी स्वतः भोंग्याखाली उभा राहून पत्रकं वाटत मोठा झालो, घोषणांनी घसा बसवून घेतला, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात तो एकाच माणसाला पडला होता, आणि तो माणूस नात्याने माझे दाजी. म्हणजे माझ्या चुलतबहिणीचे, आक्काचे, यजमान. डोंगरकडा गावाच्या अलीकडे त्यांचं खेडं. घरी कापूस, तूर, दोन म्हशी आणि एक ध्यास. हा ध्यास असा की गाण्यातला सगळ्यात खालचा, कानाला कमी आणि छातीला जास्त लागणारा आवाज तेवढा वेगळा काढून वाजवायचा. शहरात अशा यंत्राला सबवूफर म्हणतात. दाजी त्याला धुम्या म्हणत. आणि धुम्याचं अंग गोलच पाहिजे, उभ्या नळकांड्यासारखं, यावर ते कुणाशीही भांडायला तयार असत. "खोक्याला कोपरे असत्यात, पाव्हणे," ते मला सांगत, "आन् कोपऱ्यात आवाज रुसून बसतो. मंग बाहेर येतच न्हाई."

ती दोन हजारनंतरची वर्षं. जिल्हा नुकताच वेगळा झालेला, त्यामुळे ज्याला त्याला काहीतरी जाहीर करण्याची घाई. वाढदिवस असो, वरात असो, नाही तर नुसत्या नळाचं उद्घाटन असो, रस्त्यावर पेट्यांची भिंत उभी राही आणि घरातली भांडी मांडणीवरून चालायला लागत. ज्याचा आवाज मोठा त्याचं म्हणणं खरं, हा कायदा आम्ही कुठल्याही सभागृहात मंजूर न करता पाळत होतो. अशा काळात दाजी मात्र गावभर वस्तू ठोकत फिरत. बाजारात टरबूज सगळेच ठोकून बघतात. दाजी माठ, पिंप, दरवाजा आणि ओळखीच्या माणसाची पाठही ठोकत. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला ते गाल लावून उभे राहत. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला कळमनुरीला गेले, तर पोहे येईपर्यंत यांनी यजमानांचा दिवाण बुक्क्यांनी वाजवून घेतला आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "आतून पोकळ हाय, पण सूर चांगला हाय." मुलीच्या वडिलांना हे वाक्य दिवाणाबद्दल आहे हे शेवटपर्यंत पटलं नाही. सोयरीक मोडली. परतीच्या जीपमध्ये दाजींना वाईट वाटत होतं ते दिवाण हातचा गेल्याचं.

धुम्याच्या अंगासाठी त्यांनी काय काय केलं नाही! आधी रस्त्याच्या कामावर उरलेला सिमेंटचा पाइप बैलगाडीत घालून आणला. तो अंगणात उतरवताना उभा राहिला तो कायमचाच. आजही आक्का त्यावर गोधड्या वाळत घालते. मग पत्र्याची कोठी झाली. तिच्यात स्पीकर बसवला तर ती स्वतःच झांजा वाजवायला लागली. शेवटी दाजींची नजर कणगीवर गेली. आमच्याकडे बांबूची विणून शेणामातीने लिंपलेली धान्याची कणगी असते, ती. बुरडाकडे जाऊन त्यांनी कंबरेइतक्या उंचीची, अगदी सरळ अंगाची कणगी सांगितली. बुरूड म्हणाला, "पोटात फुगीर ठेवू का? ज्वारी जास्त मावंल."

"ज्वारी न्हाई ठेवायची. आवाज ठेवायचाय."

बुरडाने क्षणभर विचार केला. "बरं हाय," तो म्हणाला, "आवाजाला उंदीर लागत न्हाईत."

कणगी आली. दाजींनी तिला आतून-बाहेरून इतक्या वेळा लिंपलं की बांबू दिसेनासा झाला. आवाज आत घुमू नये म्हणून आत कापूस भरला. शेतातला कापूस विकून झाला होता, म्हणून उशीतला काढला. "सासरी आले तवा या घरात सात उशा होत्या," आक्का मला म्हणाली, "आता डोक्याखाली हात घेऊन निजते मी. तुझ्या दाजीला सांगू नको हातात कापूस असतो म्हणून, न्हाई तर त्यो बी काढतील." कणगी तीन पायांवर उभी केली, बुडाला स्पीकर तोंड खाली करून बसवला, वर लाकडी झाकण आणि झाकणात पाइपलाइनचा एक तुकडा, श्वास घ्यायला. तो तुकडा ते रोज बोटभर कापत, ऐकत, मान हलवत, आणि पुन्हा नवा आणत.

पहिल्या चाचणीला वरातीवाली पोरं जमली. गाणं लागलं, पण कणगीतून गाणं काही येईना. नुसतं जमिनीखालून कुणीतरी हळू पावलं टाकतंय असं वाटत होतं.

"दाजी, यात गाणंच न्हाई की!"

"गाणं न्हाई, गाण्याचा पाया हाय."

"पायावर नाचावं कसं?" म्हणत पोरं निघून गेली. निवडणुकीच्या दिवसांत एका उमेदवाराच्या माणसाने भाषणाची कॅसेट आणून दिली. आवाजाला वजन येतं का बघा म्हणाला. दाजींनी ती कणगीवर लावली. धुम्या वरचं सगळं गाळून टाकतो, फक्त खालचं ठेवतो. विकास गळाला, रस्ते गळाले, तळमळ गळाली. उरली ती टेबलावर आपटलेली मूठ आणि मागच्या जनरेटरची घरघर. मी तर हर्षभरित होऊन त्यावर पत्रक काढायला निघालो होतो. इतकं नेमकं राजकीय यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. पण दाजींनी कॅसेट काढून परत दिली. "यासाठी न्हाई बनवून राहिलो मी," ते म्हणाले.

मग कशासाठी, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. त्यांचे थोरले भाऊ, आण्णा, मारुतीच्या देवळातल्या एकादशीच्या भजनात मृदंग वाजवत. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, त्यातून तो भरदार धूम निघतो. आण्णांना लकवा झाला, पाय सुधारला पण डावा हात गेला. तेव्हापासून भजन नुसत्या टाळांवर चाललं होतं, आणि आण्णा खांबाला टेकून उजव्या हाताने मांडीवर ठेका धरत बसायचे. घरी कुणाशी बोलत नसत. दाजींचा बेत असा: उजवं तोंड आण्णांनी उजव्या हाताने वाजवायचं, आणि डाव्या पायाखाली एक पाट ठेवायचा. पाटाखाली एक छोटा स्पीकर उलटा जोडून त्याचाच माइक केलेला. पाय पाटावर पडला की कणगीतून धूम.

पण आण्णांनी पाय मागे ओढला. "वाद्याला पाय लावू व्हय मी? काहून पाप करायला लावतो रे?"

देवळात बैठक बसली. ज्या मंडळींनी वरातीतल्या पेट्यांबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता, ती कणगीबद्दल फार हळवी झाली. दाजींनी तडजोड सुचवली: पाय नको, मांडी घालून बसल्यावर गुडघा टेकवा. यावर विणेकरी बुवा म्हणाले, "गुडघा म्हंजी पायच की." दुसरे म्हणाले, गुडघ्याच्या वर मांडी सुरू होते, मग मांडी चालेल का? मी उठून रूढी आणि विवेक यांवर जळजळीत भाषण केलं. ते संपल्यावर बुवांनी मला पाणी दिलं आणि चर्चा होती तिथूनच पुढे नेली. आण्णा मान खाली घालून होते. त्यांचा उजवा हात मात्र मांडीवर चालूच होता.

आक्का दारात उभी होती. थोरल्या दिरासमोर ती कधी बोलत नसे, म्हणून बोलली ती माझ्याशी, पण सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं. "का रे, तू जन्मल्यावर तुला न्हाऊ कसं घालत व्हते, ठाव हाय का? पाय पसरून, पायावर पालथं टाकून. मी बी घातलंय. पाय लागला म्हणून तू बाटला व्हय? जे जपायचं असतं तेच बाई पायावर घेती."

बुवांनी वीणेची तार उगाच पिळली. आण्णांनी हळूच मांडी घातली, पाटाला हात लावून नमस्कार केला आणि गुडघा त्यावर ठेवला.

त्या एकादशीला पहिल्या अभंगाला आण्णांनी उजव्या हाताने ठेका धरला, गुडघा पडला, आणि फरशीतून धूम आला. आवाज मोठा नव्हताच. शेजारच्या गल्लीतही गेला नसेल. पण जमिनीवर बसलेल्या प्रत्येकाच्या पोटात तो पोचला. आण्णांचं तोंड उघडं राहिलं होतं आणि ते रडत होते की हसत होते ते कळत नव्हतं. दाजी कणगीला पाठ लावून डोळे मिटून बसले होते.

दुसऱ्या अभंगाच्या मध्यावर वीज गेली. भारनियमन. टाळ चालू राहिले. अंधारात आण्णांचा गुडघा पाटावर पडत राहिला, पण आता त्यातून फक्त लाकडाचा कोरडा टकटक आवाज येत होता, आणि थोड्या वेळाने तोही थांबला.

बॅटरीवर करून पाहिलं; इतक्या खोल आवाजाला ती लगेच मान टाकते. दाजींच्या गावाची वीज ऐन भजनाच्या वेळी जाते, एकादशी असो वा नसो. आण्णा दर वेळी पाट मांडून बसतात, आणि वीज असेल तेवढं वाजवतात. आता ते फार थकले आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. विजेचं वेळापत्रक करणारा माणूस कुणाच्या तरी नात्यात, ओळखीत असणारच. त्याला सांगा, बाकीच्या दिवसांचं आमचं आम्ही बघू, एकादशीच्या संध्याकाळी तेवढी भजन संपेपर्यंत वीज ठेव. जमलं तर त्याला घेऊनच या. आक्का चहा करील. फक्त त्याला खुर्ची देऊ नका, आमच्यात जमिनीवर बसवा. खुर्चीत बसलेल्याला हा आवाज पोचत नाही.