कुमुदनं न विचारलेली बाई

कुमुद खानझोडेला म्हातारपणाचं वेड ऐन तरुणपणी लागलं. बरोबरच्या मुली बँकिंग नाहीतर शेतीचं अर्थशास्त्र घेत होत्या. हिनं पीएच.डी.ला विषय घेतला राइस मिलमधल्या हमालांच्या प्रॉव्हिडंट फंडाचा. गाइड हसले. म्हणाले, "बाई, हे लोक साठीपर्यंत जगतच नाहीत. पेन्शन देणार कोणाला?" कुमुद म्हणाली, "जे जगतात ते काय खातात, तेवढं तरी बघून येते, सर." बघून आली, आणि मग आयुष्यभर तेच बघत राहिली.

वडील श्यामराव रेल्वेत गार्ड होते. आर्वीकडून रायपूरला बदली होऊन आले आणि पुरानी बस्तीत घर घेऊन कायमचे राहिले. मुली दोन, कुमुद आणि तिच्याहून पाच वर्षांनी लहान गोदावरी. कुमुद शिकायला नागपूरला गेली, नोकरीला भोपाळला, सरकारी संशोधन संस्थेत. पुढे छत्तीसगढ वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली. भोपाळहून इकडे यायचं म्हटल्यावर लोक रजेवर जात होते. कुमुद मात्र आपण होऊन आली. संस्थेचं ऑफिस सुरुवातीला भाड्याच्या बंगल्यात होतं आणि निम्म्या लोकांना खुर्च्या नव्हत्या. नवे अधिकारी विचारायचे, "मॅडम, हमारे यहाँ बुढ़ापा कितने का पड़ता है?" जणू भाजीचा भाव! कुमुद न चिडता सांगायची, कारण तिच्याजवळ उत्तर होतं.

तिच्या कामात तिचा एक नियम फार कडक होता. म्हातारीला तिच्या मुलासमोर प्रश्न विचारायचा नाही. "कौन देखता है आपको?" असं चारचौघांत विचारलं की प्रत्येक म्हातारी म्हणते, बेटा देखता है, बहुत अच्छे से देखता है. नव्या पोरांनी तसली उत्तरं आणली की ती त्यांना पुन्हा त्याच गावाला पिटाळायची. "विहिरीवर गाठा, शेतात गाठा, पण एकटी गाठा." त्यातूनच तिला तिचा मोठा शोध लागला. जिथे म्हातारं माणूस नीट सांभाळलं जातं, तिथे मागे चाळीस-पन्नाशीची एक बाई असते. सून, नाहीतर घरी राहिलेली मुलगी. तिच्या म्हातारपणाचा विचार कोणीच केलेला नसतो. ह्यावरच्या लेखानं कुमुदचं नाव झालं. दिल्लीला बोलावणी आली, एकदा बँकॉकलाही.

तशी एक बाई तिच्या माहेरीच होती. तिला एकटी गाठून कुमुदनं कधी काही विचारलं नाही.

गोदावरीचं लग्न गोंदियाला झालं आणि तीन वर्षांत ती परत आली. नवऱ्यानं, शंकररावानं, दुसरं घर केलं होतं. "आपल्याकडे कोर्टकचेरी होत नाही," श्यामराव म्हणाले, आणि विषय संपला. सोडचिठ्ठी नाही, पोटगी नाही. मंगळसूत्र राहिलं, कुंकू राहिलं, नवरा तेवढा राहिला नाही. पण गल्लीत त्या कुंकवाला किंमत होती. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, सवाष्ण म्हणून पाटावर बसवायचे. श्यामराव गेले, आईला, इंदूबाईंना, रेल्वेची फॅमिली पेन्शन सुरू झाली. पुढे आईचं कंबरेचं हाड मोडलं आणि ती खाटेला खिळली. तिचं उठवणं-बसवणं, न्हाऊमाखू, औषधं, सगळं गोदी. कुमुद नवऱ्याबरोबर रायपुरातच तेलीबांध्याला फ्लॅटमध्ये राहायची, रविवारी यायची. फळं घेऊन यायची, हेही सांगायला हवं.

मग एका संध्याकाळी गोंदियाहून अच्युतचा, शंकररावाच्या चुलतभावाचा, फोन आला. घरी करायची हिंमत झाली नाही, म्हणून कुमुदला केला. शंकरराव वारले होते.

कुमुदनं आधी आईला सांगितलं. आईनं तिचं मनगट धरलं.

"कुमे, गोदीले सांगू नको. मी आहे तोवर तिचं कपाळ भरलेलं राहू दे. मी गेल्यावर काय सांगायचं ते सांग."

"बरं," कुमुद म्हणाली. विचार करायला तिनं क्षणभरही घेतला नाही, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त हेच टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी तिला दिल्लीला जायचं होतं. गोदीला सांगितलं असतं तर रडारड, सुतक, आणि ते दिवस आईला उचलायला कुमुदला तिथे राहावं लागलं असतं. विमानात तिनं मनाची समजूतही शास्त्रशुद्ध काढली. आई-वडिलांपैकी एक हयात असताना मुलीचा नवरा गेला, तर पुढे फॅमिली पेन्शन त्या मुलीला मिळते. म्हणजे गोदीचा हक्क पक्का. आज सांगा की नंतर सांगा, नुकसान काहीच नाही. एवढी शिकलेली बाई, पण नुकसान म्हणजे फक्त पैशाचं, असा तिनं हिशेब धरला.

त्या वर्षी कुमुदकडच्या महालक्ष्म्यांना गोदी सवाष्ण होती. कुमुदनं तिचे पाय धुतले, कुंकू लावलं. ते वाकडं गेलं. पुढल्या वर्षी पुन्हा धुतले, आणि कुंकू सरळ लागलं. रात्री ताटं विसळताना तिला ते कळलं, तेव्हा ती नळ तसाच वाहता ठेवून उभी राहिली.

तिसऱ्या वर्षी कुमुद रिटायर झाली आणि मग तीजा आला. तीजाला छत्तीसगढी घरांतल्या लेकी माहेरी येतात आणि नवऱ्यासाठी पाण्याचा थेंबही न घेता उपास धरतात. गोदीनं हे व्रत गल्लीतल्या मैत्रिणींकडून घेतलं होतं. तिची बालपणीची मैत्रीण सरिता दर तीजाला अभनपूरहून माहेरी यायची. आदल्या रात्री दोघी मिळून कारल्याची भाजी आणि भात खायच्या. गोदीला साखरेचा आजार होता, डॉक्टरनं उपासाला साफ मनाई केली होती. "डॉक्टरले काय समजते? त्याले नवरा आहे का?" असं म्हणून ती खोखो हसायची.

त्या दुपारी ती नळापाशी कोसळली. सरिताचा फोन आला, "दीदी, जल्दी आओ, गोदावरी गिर गई है." कुमुद पोचली तेव्हा दवाखान्यात सलाइन लागलं होतं. गोदीनं डोळे उघडले. पहिला प्रश्न, "ताई, उपास मोडला का?"

"सलाइन लावलं आहे गोदे."

"ते नसातून गेलं, तोंडातून नाही. चालते."

नर्स हसली. तरुण डॉक्टर गोदीची नाडी बघत म्हणाला, "किसके लिए व्रत रखा था, आंटी?"

"पति के लिए."

"तो अंकल को बुलाइए, वही आकर पानी पिलाएँ."

गोदीही हसली. कुमुद उठून बाहेर गेली आणि कॉरिडॉरमधल्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. ह्या उपासानं बहीण गेली असती तर ते पाप कोणाच्या माथी जाणार होतं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

इकडे आईचीही तब्येत उतरत चालली होती. मूत्रपिंडं थकली आहेत, डॉक्टर म्हणाले होते. आईच्या सहीनं तिच्या हयातीत गोदीचं नाव पेन्शनीच्या कागदात चढलं तर सोपं. नाहीतर वर्षानुवर्षं हेलपाटे. तशा हेलपाटे घालणाऱ्या बाया कुमुदनं किती पाहिल्या होत्या, त्यांच्यावर भाषणंही दिली होती. ती आईच्या खाटेजवळ बसली.

"आई, मी आज गोदीले सांगून राहिली."

"माझ्या डोळ्यादेखत तिचं पांढरं कपाळ मले दाखवशील? थांब ना थोडी. मी काय चार वर्षं जगून राहिली का?"

"तू गेल्यावर तिनं खायचं काय?"

"तू आहे ना!"

"मी आहे," कुमुद म्हणाली, "मी रविवारी आहे."

आईनं तोंड फिरवलं.

गोदी स्वयंपाकघरात खाली बसून तीजाची उरलेली, बेसनाची तळलेली ठेठरी डब्यात भरत होती. कुमुद समोर पाटावर बसली.

"गोदे, शंकरराव गेले."

"कुठे?"

"वारले."

गोदीचा हात थांबला. "कधी?"

'परवा' म्हणता आलं असतं. मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख पुढे कधीतरी तिला दिसली असती, पण निदान आजचा दिवस निभला असता. शब्द कुमुदच्या ओठांवर आलाही.

"दोन वर्षं होऊन गेली," ती म्हणाली.

गोदीनं पुन्हा ठेठरी भरायला घेतली. एकेक, न मोडता.

"कोणाकोणाले माहीत होतं?"

"मले. आईले. अच्युत भाऊजींले."

"म्हणजे रायपूर-गोंदियाले सगळ्यांले. मीच तेवढी राहिली." मग, "मागच्या महालक्ष्म्यांले तू माझे पाय धुतले ना?"

"हव."

"कोमट पाण्यानं. मले वाटलं, ताई किती जपते आपल्याले." डब्याचं झाकण तिनं दाबून बसवलं. "काहून नाही सांगतलं?"

"आई म्हणाली..."

"आईचं सोड. तिची अक्कल म्हातारी झाली. तू काहून नाही सांगतलं?"

कुमुदजवळ चांगली कारणं चारपाच होती. खरं एकच होतं. "दुसऱ्या दिवशी माझं दिल्लीचं विमान होतं."

गोदीनं पहिल्यांदा मान वर केली. "चुकलं तर नाही ना?"

"नाही."

"चांगलं झालं."

कुमुद रडायला लागली. गोदी नाही. ती म्हणाली, "तू काहून रडतेस? नवरा माझा मेला." मग तिनं गळ्यातली पोत काढली. दोन वाट्या, एक माहेरची, एक सासरची. विळीच्या पात्यावर पोत तोडून तिनं सासरची वाटी वेगळी केली, कुमुदच्या हातावर ठेवली. "भाऊजींले देऊन टाक." माहेरची वाटी साध्या दोऱ्यात ओवून तिनं परत गळ्यात घातली. "ही बाबांनी केली. हिचा त्याच्याशी काय संबंध?"

डोळे पुसून कुमुदनं पेन्शनीचं समजावलं. एवढं अडखळत ती कधी कुठल्या सभेत बोलली नव्हती. गोदीनं सगळं ऐकलं.

"म्हणजे तो होता तोवर मले काही नव्हतं, आणि तो नाही म्हणून मले पेन्शन?"

"ती बाबांची पेन्शन आहे, गोदे. त्यांची नाही."

"मग घेते. बाबांचं घ्यायले मले लाज नाही."

गोंदियाहून दाखला आला, अर्ज तयार झाला. आई सही करेना. कुमुदनं दोनदा समजावलं, दोनदा आईनं पेन खाली टाकलं. तेव्हा गोदी आली. कपाळावर काही नव्हतं. आईनं डोळे मिटून घेतले.

"डोळे उघड आई. कपाळ माझं आहे, पाहायची सवय तू कर. आणि सही कर."

आईनं सही केली. वाकडीतिकडी, पण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदी पिशवी भरून दारात उभी होती. मागे तिला न्यायला आलेली सरिता. "मी अभनपूरले चालली, सरिताकडे."

"आणि आई?" कुमुदच्या तोंडून निघून गेलं.

"तू रिटायर झाली, हार पडले, भाषणं झाली. मी कधी व्हायचं?" गोदीनं चप्पल पायात सरकवली. "पाठीले पावडर दोनदा लाव, जखमा होतात. भात मऊ लागते तिले. ओरडली तर ओरडू दे."

कुमुदचा नवरा, रत्नाकर, तेलीबांध्याला एकटा राहिला आणि खिचडी शिकला. कुमुद पुरानी बस्तीत आली. आईला कुशीवर वळवताना कुमुदची स्वतःचीच कंबर धरायची. बासष्टाव्या वर्षी ती हे पहिल्यांदा करत होती. चादर ओढता ओढता हटकून मनात यायचं, गोदीनं हे एकटीनं कसं केलं असेल. आई रोज कुरकुरायची, "तुले जमत नाही. गोदीले बोलाव." कुमुद पावडरचा डबा उचलायची.

महिन्याचे चार महिने झाले. गोदी आली नाही. फोन करायची, पण म्हणायची, "आईले दे." कुमुदशी त्यापलीकडे शब्द नाही. मग एक दिवस रेल्वेचं पत्र आलं आणि फोन कुमुदनं केला.

"गोदे, नाव चढलं तुझं."

"वाचून दाखव."

कुमुदनं चष्मा लावला. "श्रीमती गोदावरी..." आणि थांबली. आई जागी होती.

"पुढे?"

तिनं हळू आवाजात वाचलं.

"मोठ्यानं वाच ना! इथे ट्रॅक्टर चालून राहिला, काही ऐकू येत नाही."

हा शब्द कुमुदनं आयुष्यात हजारदा लिहिला होता. तक्त्यांच्या माथ्यावर, लेखांच्या शीर्षकांत. बहिणीसमोर तो तोंडातून काढायची वेळ आली नव्हती. त्या दिवशी स्वयंपाकघरातही ती 'गेले', 'वारले' एवढंच म्हणाली होती.

"विधवा पुत्री," ती ओरडून म्हणाली. खाटेवर आईनं भिंतीकडे तोंड केलं.

"हां. आलं ऐकू. कागद नीट ठेव."

"गोदे, कधी येतेस?"

"आई विचारून राहिली का तू?"

"मी."

"मग नाही सांगत," गोदी म्हणाली. फोन बंद झाला.

कुमुदनं बसल्याबसल्या पत्राची घडी घातली. थोड्या वेळानं आईनं भिंतीकडूनच हाक मारली, "गोदे, अगं गोदे, मले वळव."

कुमुद उठली.