राखाडी ओळी

आमच्या आईचे हात बाराही महिने निळे असायचे. सूत रंगवायच्या कारखान्यात ती कामाला होती. घरी एका खोलीत आम्ही सहा जण, आणि भाकरीलाही कधीकधी निळी झाक यायची. शाळेत मी सगळ्यांकडे पाठ करून डबा खायचे.

आज कोड लिहायच्या नव्या एडिटरमध्ये माझी पहिली शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीओळीने दिलेल्या आज्ञा, उघडली, आणि मधल्या एका ओळीपासून खाली सगळं राखाडी दिसलं. मशीनने वगळायच्या मजकुराला एडिटर तो रंग देतो. अशा मजकुराआधी # लिहितात; त्या ओळीत ते चिन्ह वेगळ्याच कामासाठी होतं, आणि एडिटर फसला होता. नोकरीच्या पहिल्या महिन्यातला एडिटरही इथेच फसला होता, पण तेव्हा मला वाटलं, चूक माझीच.

"कॉलेजात शिकवलं नाही वाटतं?" तेव्हा शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. त्याच संध्याकाळी काम साहेबांना दाखवायचं होतं. मी ती ओळ खोडणार, तेवढ्यात आईचा फोन आला. मी रडवेली होऊन सगळं सांगितलं.

"दिव्याखाली रंग खोटाच दिसतो गं. आम्ही सूत उन्हात नेऊन बघतो. तुमच्यात ऊन म्हणजे काय?"

"चालवून बघणं."

"मग बघ की. खोडतीस कशाला?"

रंग देणारा अंदाजाने देतो. आपण तो खरा धरून स्वतःलाच खोडायला बसतो.

मी स्क्रिप्ट चालवली. ती शेवटच्या ओळीपर्यंत बिनचूक चालली. आजही रोज सकाळी चालते. ती मी लिहिली आहे.