पिसारी पतंगासाठी चुडाव्याला दोनदा

"सगळे एकाच प्रजातीत घातलेत. तपासलेत का?" प्रबंधाच्या समासात सरांनी लाल शाईनं एवढंच लिहिलं आणि मला घराबाहेर पडावं लागलं.

नामांतराच्या आंदोलनाची वर्षं. मी परभणीत कीटकशास्त्र शिकत होते. विषय होता पिसारी पतंग. याची अळी तुरीच्या शेंगा पोखरते, आणि मोठा झाला की पिसांसारखे चिरलेले पंख ताणून हा इंग्रजी टी अक्षरासारखा बसतो. प्रजाती म्हणजे किड्यांचं आडनाव म्हणा. माझ्या पेटीतल्या साठ पतंगांना मी एकच आडनाव लावून टाकलं होतं. कोणता तुरीवर सापडला, कोणता वालावर, याची नोंदच नव्हती! आता पीकवार ताजे कोष हवे होते. प्रबंध महिन्याभरात दिला नाही, तर शिकवायची हंगामी जागा हातची जाणार होती.

"दिवस बरे न्हाईत, एकटी जाऊ नको, बाई," म्हणत दादा सोबत निघाले. दादा म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक. पहिल्या दिवशी बंद, स्टँडवरूनच परत. दुसऱ्या दिवशी रेल्वेनं सेलू, तिथून धूळ खात जीपनं वालूर. (जाणार असाल तर तिथली पायऱ्यांची बारव बघा. मी पाहिली नाही, चिडलेली होते.) ज्या शेतासाठी गेलो, त्यावर आदल्याच दिवशी फवारणी झालेली.

"तुमी येणार म्हणून शेत सोच्छ करून ठिवलं!" मालक कौतुकानं म्हणाले. पिठलं-भाकरी खाल्ली आणि परतलो.

तिसऱ्या दिवशी पॅसेंजरनं पूर्णा, तिथून चुडावा. तिथल्या शेतकरी कौसल्याबाईंना मी कोष जमवून ठेवायचा निरोप धाडला होता. स्टेशनपासून शेत चालत अर्धा तास. बाईंनी दोन पत्र्याचे डबे पुढे केले. आत कापूस, कापसावर कोष.

"ह्यात तुरीवरचे, ह्यात वालावरचे."

"वेगळे का ठेवलेत? मी सांगितलं नव्हतं."

"आता बघा! बियाणं कोन मिसळतंय का?"

मला स्वतःच्या पेटीची लाज वाटली. निघताना त्यांनी ज्वारीचा गरम हुरडा कागदात बांधून दिला.

पूर्णेला गाडी बदलायची होती. मी चहा आणायला गेले. परत आले तर दादा समाधानानं हुरडा खात होते. डब्यातून.

"दादा, ह्यातले कोष कुठंयत?"

"त्या दुसऱ्या डब्यात ठेवले की. कागद फाटायलाय, हुरडा सांडायलाय. किडेच तर हायेत, बाई, एकाच जागी राहतील."

चहा मी बाकावर आदळला. त्या फलाटावर मी वडिलांना जे बोलले, ते इथं लिहिणार नाही. शेजारच्या बाकावरचे लोक उठून गेले. दादा उठून चुडाव्याची गाडी कधी आहे ते विचारून आले.

आम्हाला पुन्हा दारात बघून कौसल्याबाई पोट धरून हसल्या. "मास्तर, तुमी लय शिकले, पर डबा कळंना!" धोतर खोचून दादा तुरीत शिरले आणि उन्हात दोन तास एकेक शेंग उलटून पाहत राहिले. मी आणि बाई वालाच्या वेलापाशी होतो. शेवटी दादांनी रुमाल माझ्यापुढे धरला. अकरा कोष होते.

"चुकलं माझं, बाई," ते म्हणाले. मी कोष एकेक करून रिकाम्या डब्यात ठेवले.

घरी आठवडाभरात पतंग बाहेर पडले. नरांच्या पोटाची टोकं (खरी ओळख तिथंच पटते) पोटॅशच्या द्रावणात उकळून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तुरीवरचे एक, वालावरचे दुसरेच. दोन जातीच नव्हे, दोन प्रजाती! सरांचं बरोबर निघालं, याचा रागही आला. अख्खं प्रकरण नव्यानं लिहिलं, मुदत हुकली, जागा दुसऱ्याला मिळाली. पुढं दोन वर्षं मी शिकवण्या घेतल्या. सहल फायद्याची झाली, असं मी म्हणणार नाही.

टाचणीखालच्या चिठ्ठीवर गाव, पीक आणि गोळा करणाऱ्याचं नाव असतं. पहिल्या खेपेचे कोष मिसळलेलेच होते, ते फेकून दिले. दुसऱ्या खेपेच्या तुरीवरच्या अकरांवर दादांचं लिहिलं, वालावरच्यांवर बाईंचं.

"इथं विद्यार्थ्याचं नाव लिहितात," सर म्हणाले.

"पेटीतले साठ विद्यार्थिनीनंच मिसळले होते, सर," मी म्हटलं. त्यांनी चिठ्ठ्या तशाच राहू दिल्या.