पेटीतले नारळ

बाहत्तरच्या दुष्काळात भूमजवळच्या आमच्या गावात बोअर मारायला एक अमेरिकन आला होता. उन्हानं लालबुंद झालेला, स्वतःच मशीनखाली शिरणारा. तांब्याभर पाणी दिलं तरी उठून ‘थँक्यू’ म्हणायचा. आम्हाला हसू यायचं. पाण्याचे कुणी आभार मानतं का?

आम्ही नारळ फोडला, मशीन सुरू झालं. दिवस मावळेपर्यंत भोकातनं नुसता फुफाटा आला. मयतीहून परतावं तशी माणसं घराकडं निघाली. हा मात्र निवांत पाईप पुसत बसला.

माझी चुलती चिडली. “पानी न्हाय लागलं, आन् तुला कायच कसं वाटंना रं बाबा?”

तो मोडक्या मराठीत म्हणाला, “वाटतं, मावशी. पण इथं नाही, एवढं कळलं. उद्या तिकडं.”

“आन् दुसरा नारळ कुठला आणू?”

त्यानं हत्यारांची पेटी उघडली. पान्यांशेजारी पिशवीभर नारळ होते. येतानाच भूमच्या बाजारातनं घेतलेले.

अमेरिका मी पाहिली ती एवढीच, त्या पेटीत.

पाणी तिसऱ्या नारळाला लागलं. तेव्हापासून चुलती पेरणीला निघाली की दोन नारळ घ्यायची. एक पेरणीचा, दुसरा दुबार पेरणीचा.