देवघराच्या दारातली तहान

सेलूच्या बाजारात, मोंढ्यामागच्या गल्लीत मल्लम्माचा राग सगळे धरूनच चालत. नळाला पाणी येवो न येवो, दिवसातून एकदा तिचा आवाज चढायचाच.

चौऱ्याहत्तर साली तिच्या महानंदाला पाहायला पाहुणे सेलूला आले. पोरगी पसंत पडली. निघताना त्यांच्यातल्या एका बाईने मल्लम्माच्या थोरल्या जावेला, चन्नबसम्माला, हळूच विचारलं, "आई कशी हाय पोरीची?"

"पोरगी गाय हाय हो," चन्नबसम्मा म्हणाली, "आईच्या तोंडात मात्र कात्री हाय."

पाहुण्यांचा होकार आलाच नाही, आणि जावेचं बोलणं फिरत फिरत मल्लम्माच्या कानावर आलं. तेव्हापासून मल्लम्माची झोप गेली. भाकरी थापताना परात आदळायची. नवरा चंद्रप्पा सरकीच्या दुकानातून जेवायला आला की खाली मान घालून जेवायचा आणि तसाच परत जायचा. एक दिवस महानंदाच म्हणाली, "अव्वा, माझं लगीन न्हाई झालं तर न्हाई. पर ही रोजची तकरार बंद कर. मी बेजार झालेय."

पोरीचं ते बोलणं जावेच्या बोलण्याहून खोल गेलं. दारी लिंगायतांचे गुरू, जंगमस्वामी आले तेव्हा मल्लम्माने त्यांना विचारलं, "स्वामी, छातीत सारखी आग हाय. काय करू?"

"रोज गळ्यातलं लिंग तळहातावर घेता, पर नजर कुठं असती?" स्वामी म्हणाले. "नजर तिथंच ठेवा. मन पळालं की परत आणा. घाई करू नका."

घरात देवघर एकच, पाटही एकच. सुनांनी एकीमागून एक तिथेच लिंगपूजा करायची आणि पूजेआधी तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही, हा सासूने घालून दिलेला नियम सासू गेल्यावरही चालत होता. मल्लम्मा आता जावेच्या आधी उठू लागली. न्हाऊन, कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून बसायची. पहिले काही दिवस मन खरंच थांबलं. झरोक्यातून उजेड उतरायचा, काळ्या लिंगावर बारीक चमक यायची, आणि तेवढा वेळ कात्री आठवायची नाही.

मग एका सकाळी दाराबाहेर बांगड्या वाजल्या. चन्नबसम्माला पित्त होतं. उन्हं यायच्या आत चहा पोटात गेला नाही की तिचं डोकं फुटायला लागायचं.

"आटपलं का गं?"

पूजेत बोलायचं नसतं. मल्लम्मा बोलली नाही. छातीत मात्र गार वाटलं, उन्हातून येऊन माठाला गाल लावावा तसं. हीच ती शांती, असं तिला वाटलं.

पूजा लांबत गेली. जिनिंग गिरणीचा भोंगा वाजला तरी दार उघडेना.

"काय कैलासाला जायलीस का?" बाहेरून जाऊ ओरडायची. "जातेस तर जा बाई, पर पाट ठेवून जा!"

गल्लीत मल्लम्मा सांगायची, "मन लय निवांत झालंय माझं." महानंदा ऐकायची आणि दुसरीकडे बघायची.

श्रावणातल्या एका सोमवारी चन्नबसम्मा थांबली नाही. न्हाऊन ओल्या केसांनीच दार ढकलून आत आली, पोत्याची घडी टाकून मल्लम्माच्या समोर बसली आणि गळ्यातलं लिंग काढून तळहातावर धरलं. दोन तळहात समोरासमोर. पाटावरची उठेना, पोत्यावरची हलेना.

"दोघी आत बसल्यावर चूल कोण पेटवायची?" बाहेर चंद्रप्पाने विचारलं. 

मल्लम्माचा हात भरून आला. तिने जावेकडे पाहिलं. ओठ सुकून पांढरे पडलेले, पण नजर लिंगावर नव्हतीच. ती मल्लम्माच्या तोंडावर रोवलेली होती. कधी पडतेस, कधी पडतेस, असं बघणारी. ती नजर मल्लम्माने लगेच ओळखली. इतके महिने दाराआडून ती स्वतः अशीच बघत होती. तळहातावर लिंग होतं, आणि डोळ्यांपुढे जावेची तहान.

तिने मन परत आणलं. ते दाराकडे पळालं, पाहुण्यांकडे पळालं. पुन्हा आणलं. आता गार काही वाटत नव्हतं. आग होती तिथेच होती. तिने लिंग कपाळाला लावलं, गळ्यात घातलं आणि उठली. चूल पेटवून चहा ठेवला.

जरा वेळाने चन्नबसम्मा बाहेर आली. "हरलीस ना?"

उत्तर जिभेवर तयार होतं, धारदार. मल्लम्माने ते गिळलं. "हरले, अक्का. चहा घ्या."

"तुझ्या हातचा? त्यापरीस मोरीतलं पाणी पिईन." चन्नबसम्माने पातेलं उचललं, सगळा चहा मोरीत ओतला आणि स्वतःचा वेगळा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मल्लम्माने जावेला आधी जाऊ दिलं. स्वतः देवघराच्या दाराशी बसली. उन्हं अंगणात आली, भोंगा झाला. घसा कोरडा पडला.

"अव्वा, किती येळ बसायलीस?" महानंदाने विचारलं.

"त्यांचं होईल तवर."

आत हालचाल नव्हती. चन्नबसम्माला आत्ता आत किती गार वाटत असेल, ते मल्लम्माला नेमकं ठाऊक होतं. तिचा हात कडीकडे गेला. तिने तो परत आणला, मांडीवर ठेवला.